शस्त्र, शुश्रूषा आणि संघटना

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय आहे असे जाहीर झाले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. बोलणारा आमच्यासारखा कामगार चळवळीतला असेल, तर फार तर एखाद्या संपाची हकीकत ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा असते. आज आम्ही जो इतिहास मांडणार आहोत तो यांपैकी कशातच बसत नाही. माणसाच्या पोटावर शस्त्राने उघडलेल्या एका लहानशा तोंडाचा तो इतिहास आहे. चारचौघांत हा विषय काढू नये असे आपल्याकडे समजतात. परंतु ज्या दुःखाचे नाव चारचौघांत घेता येत नाही ते दुःख माणसाला एकट्याने भोगावे लागते. आणि एकट्याने भोगावयाच्या दुःखाशी आम्हां संघटनेच्या लोकांचे जुने वैर आहे. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, कारखान्याच्या फाटकावर आणि आजारी सभासदांच्या खाटेशेजारी बसून झाले. तेव्हा वैद्यकाच्या बाबतीत जाणत्यांनी लिहून ठेवलेले आम्ही वाचले, तेवढेच येथे सांगू.

प्रथम गोष्ट नीट समजून घेऊ. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला कर्करोग झाला, आतड्याला बरे न होणारे व्रण पडले, अपघातात आतडे फाटले, किंवा मूल जन्माला येतानाच त्याला शौचाची वाट नसली, तर शल्यविशारद आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून कातडीला शिवतात. या नव्या तोंडाला स्टोमा म्हणतात. हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ तोंड असाच आहे. मोठ्या आतड्याचे तोंड काढले तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे काढले तर इलिओस्टॉमी, आणि लघवीसाठी वाट काढली तर यूरोस्टॉमी. काहींना ते काही महिन्यांपुरते असते, काहींना जन्मभराचे. दिसावयास ते ओठाच्या आतल्या बाजूसारखे लाल व ओलसर असते. त्याला स्पर्श केला तरी वेदना होत नाही. पण शौच रोखून धरणारा जो स्नायू निसर्गाने आपल्याला दिला आहे तो या तोंडाला नसतो. त्यामुळे मळ केव्हा यावा यावर माणसाचा ताबा राहत नाही, आणि तो झेलण्यासाठी पोटावर पिशवी लावावी लागते. आपल्याकडे रुग्णालयात सारेजण साध्या भाषेत 'पोटावर पिशवी लावली' असे म्हणतात ते हेच.

आता या शस्त्रक्रियेची जन्मकथा पाहू. इसवी सन १७१० मध्ये आलेक्सी लित्र या फ्रेंच शल्यविशारदाने एका तान्ह्या मुलाच्या शवाची तपासणी केली. त्या मुलाला शौचाची वाट नव्हती व ते जन्मानंतर सहा दिवसांत मरण पावले होते. आतडे पोटावर आणून उघडले असते तर हे मूल वाचू शकले असते, असे लित्रने सुचविले. सूचना कागदावर राहिली. ती प्रत्यक्षात आणावयास सहासष्ट वर्षे लागली. १७७६ मध्ये रूआँ शहरातील पिलोर नावाच्या शल्यविशारदाने मद्याच्या एका व्यापाऱ्याचे आतडे पोटावर उघडले. गुदाशयाच्या कर्करोगाने त्याची वाट बंद झाली होती आणि ती मोकळी व्हावी म्हणून त्याला आधी जवळजवळ दोन पौंड पारा पाजण्यात आला होता. शस्त्रक्रिया साधली, नव्या तोंडावर स्पंज ठेवून तो पट्ट्याने बांधला. पण पोटात अडकलेल्या पाऱ्याने आतडे सडले आणि सुमारे चार आठवड्यांनी तो मनुष्य गेला. पुढे १७९३ मध्ये, फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला असताना, ब्रेस्ट बंदरातील द्युरे या शल्यविशारदाने तीन दिवसांच्या बालकावर हीच शस्त्रक्रिया केली. ते बालक जगले, आणि पंचेचाळीस वर्षांचे होईपर्यंत जगले.

इंग्लंडातही असेच एक उदाहरण नोंदलेले आहे. मार्गारेट व्हाइट नावाच्या त्र्याहत्तर वर्षांच्या वृद्धेचे बेंबीजवळचे आतडे सडून गळून पडले. विल्यम चेझल्डन या प्रसिद्ध शल्यविशारदाने राहिलेले टोक पोटावरच ठेवले, आणि त्यानंतर ती कित्येक वर्षे जगली.

वैद्यकाच्या ग्रंथांत या हकीकती येथेच संपतात. मूल जगले, वृद्धा जगली, प्रयोग यशस्वी झाला. आमच्या मनात मात्र येथून पुढेच प्रश्न उभा राहतो. ब्रेस्टच्या त्या बालकाने पंचेचाळीस वर्षे कशी काढली? त्याचे पोट रोज कोणी धुतले? त्याच्या कमरेला कोणते फडके गुंडाळले जाई, ते दिवसातून किती वेळा बदलावे लागे, ते धुण्याचे काम आईने केले की दुसऱ्या कोणी? तो काही कामधंदा करीत होता काय? लोक त्याच्या शेजारी बसत होते काय? यांतले एकही उत्तर आम्हांस वाचावयास मिळाले नाही. शस्त्र चालविणाऱ्याचे नाव इतिहासाने जपले. शुश्रूषा करणाऱ्याचे नाव त्याने लिहूनच घेतले नाही. किल्ला बांधणाऱ्या राजाचे नाव राहते आणि दगड वाहणारा पाथरवट विसरला जातो, तशातलाच हा प्रकार आहे.

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती झपाट्याने बदलली. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथर देऊन केलेली शस्त्रक्रिया जगापुढे आली. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशकाची पद्धत प्रसिद्ध केली. पोट उघडणे म्हणजे मरण, हे समीकरण मोडले. १९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने गुदाशयाच्या कर्करोगावर पोटातून व खालून अशी दोन्हीकडून करावयाची मोठी शस्त्रक्रिया वर्णन केली. तीत रोग्याला कायमची कोलोस्टॉमी येई. १९१३ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथील जॉन यंग ब्राउन याने आतड्याच्या व्रणांच्या रोगावर इलिओस्टॉमीचा मार्ग सांगितला. पूर्वी जी माणसे खात्रीने मेली असती ती आता घरी परत जाऊ लागली.

पण ती कशाच्या आधारावर घरी जात? कापूस, चिंध्या, स्पंज, काचेचा किंवा धातूचा पेला आणि तो पोटावर आवळून धरणारा कातडी पट्टा. कोलोस्टॉमीचा मळ थोडा घट्ट असल्यामुळे त्यांचे कसेबसे भागे. इलिओस्टॉमीवाल्यांची दशा फार वाईट होती. लहान आतड्यातून येणारा मळ पातळ असतो, तो दिवसरात्र झिरपतो, आणि अन्न पचविणारे रस त्यात असल्यामुळे तो पोटाच्या कातडीलाही पचवू लागतो. कातडी सोलून निघे. अंगाला वास येई. अशी माणसे घराबाहेर पडणे बंद करीत आणि पुढे एका खोलीबाहेर पडणेही बंद करीत. जीव वाचला होता. जगण्याची सोय झालेली नव्हती. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे ते शस्त्राने कापता आले नाही. ते कोणी कापले, हाच आमच्या आजच्या कथेचा गाभा आहे.

पहिले मोठे पाऊल एका रोग्यानेच टाकले. १९२० नंतरच्या दशकात शिकागो येथे आल्फ्रेड स्ट्रॉस या शल्यविशारदाचा केनिग नावाचा एक रोगी होता. तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता आणि त्याला इलिओस्टॉमी झाली होती. पट्ट्याने आवळलेला पेला गळणारच, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळत होते. त्याने कातडीलाच चिकटविता येईल अशी रबरी पिशवी तयार केली. पुढे रुट्झेन नावाच्या कारागिराने तशा पिशव्या बनविल्या आणि दोघांच्या नावांनी ती पिशवी ओळखली जाऊ लागली. ज्याच्या पायात काटा रुतला त्यालाच तो नेमका कुठे आहे ते समजते, ही आपल्या खेड्यांतली साधी गोष्ट शिकागोच्या मोठ्या रुग्णालयातही खरी ठरली.

दुसरी अडचण खुद्द आतड्याच्या टोकाची होती. पोटाबाहेर उघडे राहिलेले टोक सुजे, आकसे आणि कित्येक आठवडे रोग्याचे हाल होत. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक याने सांगितले की, सदऱ्याच्या बाहीचे टोक आपण उलटे दुमडतो तसे आतड्याचे टोक उलटे दुमडून लगेच कातडीला शिवावे. उपाय इतका साधा की तो आधी कोणाला का सुचला नाही याचे नवल वाटावे. या दुमडीमुळे आतड्याचे तोंड थोडे वर उचललेले राहते आणि मळ कातडीवर न ओघळता पिशवीत पडतो.

तिसरी अडचण कातडीची. येथे या कथेचा आपल्या देशाशी संबंध येतो. आपल्या डोंगरउतारांवर कांडोळाचे झाड वाढते. कुठे त्याला कढई म्हणतात, कुठे पांढरूख. त्याची साल इतकी पांढरी व गुळगुळीत असते की चांदण्यात ते झाड चमकते, म्हणून काही ठिकाणी ते भुताचे झाड म्हणूनही ओळखले जाते. त्याच्या खोडाला खाच पाडली की डिंक पाझरतो. कडक उन्हात आदिवासी स्त्री-पुरुष तो गोळा करतात. हा डिंक कराया या नावाने परदेशी जातो आणि जगाला तो पुरविण्यात भारत दीर्घकाळ आघाडीवर राहिला आहे. पाणी लागले की हा डिंक फुगतो आणि चिकटतो, म्हणून परदेशात दातांची कवळी पक्की बसविण्यासाठी त्याची पूड वापरीत असत. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यविशारद रुपर्ट टर्नबुल यांनी ही पूड स्टोमाभोवतीच्या सोललेल्या कातडीवर वापरून पाहिली. ओल्या कातडीलाही ती चिकटली आणि तिच्या आवरणाखाली कातडी भरून येऊ लागली. त्यानंतर बरीच वर्षे करायाची कडी हा स्टोमाच्या रोग्याचा मोठा आधार होता. १९७० नंतर पेक्टिन, जिलेटिन वगैरेंपासून केलेल्या चकत्या आल्या आणि करायाचा वापर कमी होत गेला. परंतु आम्ही मजुरांचे लोक असल्यामुळे आमची नजर त्या खाच पाडणाऱ्या हाताकडे जाते. आपण वेचलेल्या डिंकाने सातासमुद्रापलीकडच्या कोणाची तरी कातडी भरून येते, हे त्या हाताला कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही.

चौथे पाऊल डेन्मार्कमधल्या एका परिचारिकेचे. एलिसे सोरेन्सेन हिच्या थोरा नावाच्या बहिणीला स्टोमा झाला आणि पिशवी गळेल या धास्तीने तिने लोकांत जाणे सोडले. एलिसे रोग्यांची शुश्रूषा करणारी होती. आता रोगी घरातच होता. १९५४ मध्ये तिने कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची कल्पना मांडली. आगे लुई-हान्सेन हा प्लास्टिकच्या वस्तूंचा कारखानदार प्रथम तयार नव्हता. त्याची पत्नी योहाने हीदेखील परिचारिका होती. तिने या वस्तूचे मोल ओळखून पतीला गळ घातली. पिशव्या तयार झाल्या आणि १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट ही कंपनी निघाली. कंपनी आज जगभर पसरलेली आहे. पण तिच्या मुळाशी दोन परिचारिका आणि एक घाबरलेली बहीण आहे, हे विसरता कामा नये.

येथवर वस्तूंचा इतिहास झाला. पण उत्तम पिशवी हातात दिली म्हणून माणूस उठून उभा राहतोच असे नाही. ती कापावी कशी, चिकटवावी कशी, प्रवासात काय करावे, काय खावे, पतीला किंवा पत्नीला काय सांगावे, हे शिकविणारे कोणी लागते. आणि 'मीही असाच आहे, आणि पाहा, मी कामावर जातो' असे सांगणारे कोणी तर त्याहूनही अधिक लागते.

१९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील इलिओस्टॉमीच्या रोग्यांनी एकत्र येऊन आपले मंडळ स्थापन केले. तेथील क्यू आणि टी या दोन वॉर्डांवरून मंडळाचे नाव पडले क्यू-टी. वॉर्डात ज्यांची ओळख झाली त्यांनी ती ओळख घरी गेल्यावरही सोडली नाही, एवढीच त्या नावामागची हकीकत. पण आमच्या मते या सबंध इतिहासातली ती सर्वांत मोठी घटना आहे. गिरणीच्या खात्यात शेजारी शेजारी उभे राहणारे कामगार फाटकाबाहेर येऊनही एकमेकांशी बोलत राहिले तेव्हाच युनियन जन्माला आली. हे तसेच झाले. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये इलिओस्टॉमी असोसिएशन निघाली आणि ब्रायन ब्रूक तिचे अध्यक्ष झाले. १९६२ मध्ये अमेरिकेतील ठिकठिकाणची मंडळे एकत्र येऊन युनायटेड ऑस्टॉमी असोसिएशन स्थापन झाली. शस्त्रक्रिया झालेल्या नव्या रोग्याला भेटावयास जुन्या रोग्याने जावे, हा या मंडळांचा मुख्य परिपाठ होता. भेटावयास जाणाऱ्याला एक नियम पक्का शिकविलेला असे: धीर द्यावा, अनुभव सांगावा, पण औषधाचा सल्ला देऊ नये, ते डॉक्टरचे काम. आपली मर्यादा ओळखणारी संघटनाच टिकते, हे आमच्याही अनुभवाचे आहे.

आता या कथेतील एका स्त्रीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. नॉर्मा गिल ही अमेरिकेतल्या अॅक्रन गावची गृहिणी. आतड्याच्या व्रणांनी ती अनेक वर्षे अंथरुणाला खिळली होती. १९५४ मध्ये टर्नबुल यांनी तिच्यावर शस्त्रक्रिया करून इलिओस्टॉमी केली. बरी झाल्यावर ती स्वस्थ बसली नाही. आपल्यासारख्या इतर रोग्यांना भेटून ती त्यांना पिशवी लावावयास शिकवू लागली. टर्नबुल यांचा मोठेपणा हा की, आपल्या शस्त्रामुळे जे साधत नाही ते या बाईच्या बोलण्याने व हाताने साधते, हे त्यांनी पाहिले आणि मान्य केले. १९५८ मध्ये त्यांनी तिला क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये या कामासाठीच नेमले. तिच्याजवळ परिचारिकेची पदवी नव्हती. १९६१ मध्ये त्या दोघांनी तेथे हे काम शिकविणारी शाळा सुरू केली. या नव्या व्यवसायाला एन्टरोस्टोमल थेरपी असे नाव मिळाले. आरंभीच्या विद्यार्थ्यांत स्वतः स्टोमा असलेली माणसे होती. १९६८ मध्ये या व्यवसायाची अमेरिकेत संघटना झाली आणि १९७८ मध्ये जागतिक परिषद स्थापन झाली. तिची पहिली अध्यक्ष नॉर्मा गिलच होती. १९९८ मध्ये ती वारली. चाळीस वर्षांत तिने एका गृहिणीच्या कळवळ्याचे रूपांतर जगन्मान्य विद्येत केले.

या यशाला एक दुसरीही बाजू आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत असा नियम झाला की या अभ्यासक्रमाला नोंदणीकृत परिचारिकांनाच प्रवेश मिळावा. त्यामागे कारणे होती. जखमेची परीक्षा, संसर्गाची जाण, इतर रोगांची ओळख हे सारे परिचारिकेच्या शिक्षणाने येते आणि रोग्याच्या हिताला ते आवश्यकच आहे. पण त्याबरोबर ज्या दाराने नॉर्मा गिल आत आली ते दार बंद झाले, हेही खरे. आमच्या चळवळीतही हे घडलेले आहे. कामगारांनी स्वतः उभारलेल्या कामाची कचेरी झाली, कचेरीत शिकलेले लोक आले, काम अधिक नीटनेटके झाले, आणि ज्याच्यासाठी कचेरी होती तो बाकावर बसून नाव पुकारण्याची वाट पाहू लागला. यावर तोड एकच: शिकलेली परिचारिका आणि स्वतः भोगलेला रोगी, या दोघांनाही खाटेजवळ जागा हवी. एकीची जागा दुसऱ्याला घेता येत नाही.

आता आपल्या घरी येऊ. मुंबईत परळला, गिरण्यांच्या वस्तीत, १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि देशभरचे कर्करोगी तेथे येऊ लागले. स्टोमा घेऊन घरी जाणाऱ्यांची संख्या वाढली. १९७० नंतरच्या दशकात मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. परिचारिकांना या विषयाचे खास शिक्षण देणारा अभ्यासक्रमही टाटा रुग्णालयात चालू झाला. ही कामे मोलाची आहेत. पण देश केवढा मोठा! अशी शिकलेली परिचारिका मोठ्या शहरांच्या मोठ्या रुग्णालयांत भेटते. तालुक्याच्या गावी ती भेटणे कठीण. तेथे आजही प्लास्टिकची साधी पिशवी, दोरा आणि फडके यांवर निभावणारी माणसे आहेत.

आणि आपल्या जीवनाच्या काही गरजा परदेशी पुस्तकात सापडणार नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला उभे करून, बसवून, वाकवून स्टोमाची जागा पोटावर खुणेने ठरवावी, हा या विद्येचा एक मुख्य धडा आहे. पोटाला घडी पडते तेथे किंवा कमरपट्टा येतो तेथे स्टोमा नको. आपल्याकडे कमरपट्ट्याच्या जागी धोतराची गाठ, लुगड्याच्या निऱ्या, परकराची नाडी येते. आपला माणूस जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून काम करतो. ज्याची खूण फक्त खाटेवर आडवे निजवून केली जाते त्याची पिशवी शेतात वाकल्याबरोबर सुटते. हे जाणणारी परिचारिका आपल्याच भाषेत बोलणारी असावी लागते.

आमच्या संघटनेच्या एका सभासदाची हकीकत येथे सांगणे योग्य होईल. गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तो सहा महिन्यांनी कारखान्यात परतला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारची जागा हळूहळू रिकामी राहू लागली. कोणी काही बोलले नाही. सारे फक्त दुसऱ्या बाकावर सरकले. महिनाभरात तो राजीनाम्याचा कागद घेऊन आमच्याकडे आला. आम्ही तो ठेवून घेतला आणि व्यवस्थापनापुढे तीन मागण्या मांडल्या: त्याला जड वजन उचलण्याचे काम देऊ नये, कारण पोटाच्या भिंतीतील नव्या वाटेशेजारी आतडे उतरण्याचा धोका असतो, कडी लागणारा व नळाचे पाणी असलेला एक संडास असावा, आणि लागेल तेव्हा दहा मिनिटे जाऊ द्यावे. मागण्या मान्य व्हावयास चार महिने लागले. पण त्या चार महिन्यांत त्याला कामावर टिकविले ते आमच्या पत्रव्यवहाराने नव्हे. टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना नऊ वर्षे स्टोमा होता, ते दर रविवारी त्याच्या घरी जाऊन बसत. पहिल्या भेटीत त्यांनी फारसे काही सांगितले नाही. सदरा वर करून आपली पिशवी दाखविली, खाली केला आणि चहा मागितला. त्या घरात त्या दिवशी सहा महिन्यांत प्रथमच पाहुण्याबरोबर सर्वांनी बसून चहा घेतला, असे त्याच्या पत्नीने आम्हांस सांगितले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. शस्त्रक्रिया एकदाच होते. पिशवी दर काही दिवसांनी नवी लागते, कित्येकांना जन्मभर लागते. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. १९६८ मध्ये तेथे औषधांवर पुन्हा आकार बसविला गेला, तेव्हा कायमचा स्टोमा असलेल्यांना त्यातून वगळण्यात आले. ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये स्टोमाच्या साहित्याची सरकारी योजना सुरू केली आणि ते साहित्य वाटण्याचे काम रोग्यांच्या मंडळांकडेच सोपविले. संघटनेवर एवढा विश्वास टाकलेला पाहून आम्हांस फार बरे वाटले. आपल्याकडे २०१८ मध्ये आयुष्मान भारत ही मोठी विमायोजना आली. तिच्यात शस्त्रक्रियेचा खर्च धरला गेला, पण घरी गेल्यानंतरच्या खर्चाची मुदत पंधरा दिवसांची ठेवण्यात आली. पंधरा दिवसांनंतरही पोट तेच असते आणि पिशवीही लागतच असते. २०२२ मध्ये या साहित्यावरचा वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारांची यादी दिली गेली तीत स्टोमाचे नाव आले नाही. यादीत नाव असणे म्हणजे काय, हे रोजंदारीवरून कायम होण्यासाठी झगडलेल्या कोणत्याही कामगाराला सांगावे लागत नाही.

१९९३ मध्ये स्टोमा असलेल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. तिच्यात मागितले आहे ते एवढेच: शस्त्रक्रियेआधी नीट समजावून सांगावे, स्टोमा चांगल्या रीतीने केलेला व योग्य जागी असावा, रुग्णालयात व घरी अनुभवी परिचारिकेचे साहाय्य मिळावे, घरच्या माणसांना माहिती मिळावी, पुरेसे साहित्य मिळावे, आणि कोठेही भेदभाव होऊ नये. आम्ही आयुष्यात पुष्कळ मागणीपत्रके लिहिली. इतके माफक आणि इतके न्याय्य मागणीपत्रक आमच्या हातून क्वचितच लिहिले गेले असेल.

लित्रच्या सूचनेपासून क्यू-टी मंडळापर्यंत दोनशे एक्केचाळीस वर्षे गेली. एवढ्या काळात शस्त्र पुष्कळ पुढे गेले. शुश्रूषा तिच्या मागून धापा टाकीत आली. आणि दोघींना एकत्र आणले ते रोग्यांनी बांधलेल्या संघटनेने. आपल्याकडे हे काम सुरू झालेले आहे, पण ते शहराची वेस ओलांडून फार दूर गेलेले नाही. जिल्ह्याच्या प्रत्येक शासकीय रुग्णालयात या विषयाची एक तरी शिकलेली परिचारिका असावी, शस्त्रक्रियेच्या विम्यात पिशवीचाही खर्च धरावा, आणि प्रत्येक कामगार संघटनेने आपल्या सभासदांत असे कोणी आहे काय याची हलक्या पावलांनी चौकशी करावी, एवढे आमचे सांगणे आहे. पहिल्या दोन गोष्टींसाठी सरकारकडे जावे लागेल आणि वेळ लागेल. तिसरीसाठी परवानगी लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत जो बाक रिकामा राहिलेला दिसेल तेथे आपला डबा घेऊन जाऊन बसावे, म्हणजे आरंभ झाला.